खांबाभोवतीची हिरवळ

४ मे

पावसाचा थेंब नाही, तरी आमच्या केंद्राची जमीन ओली कशी? मला माहीत नाही. साहेबांनाही तेच सांगितलं. म्हणाले, "ओली आहे ना? मग चांगलंच आहे."

गणित दोनदा तपासलं. फोनला रस्ता दाखवणारे उपग्रहांचे संकेत मागच्या आवारातल्या खांबावर आमची अँटेना पकडते. काही सरळ येतात, काही जमिनीवर आपटून. ओल्या जमिनीवरून वेगळे उसळतात, कोरड्या जमिनीवरून वेगळे. त्यावरून ओल काढायची, हे माझं काम. अख्ख्या भागासाठी हे एकच केंद्र. मशीन खोटं बोलत नाही, असं घरी केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं मी. आई म्हणाली, "ते खांबावरचं उलटं पातेलं? बरं."

७ मे

ओलीचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला. पाण्याचे टँकर याच आकड्यावरून ठरतात. वरच्या वस्तीला चार जायचे, आता एक. कागदावर माझी सही.

९ मे

वस्तीतली एक बाई तीन तास बाहेर बाकावर बसून होती. आत आली आणि टेबलावर मूठभर माती ठेवली.

"यातली ओल दाखवा, ताई. बोट ठेवून दाखवा."

मी संकेतांबद्दल बोलू लागले. बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली. ती गेल्यावर शिपाई टेबल पुसायला आला. पुसू दिलं नाही.

१० मे

कळलं.

सकाळी सातलाच मागच्या आवारात गेले. वर्षभर पडद्यावरचे आकडे बघत बसले, खाली उतरून बघायचं कधी सुचलंच नाही! बाबा नळी धरून खांबाभोवती पाणी घालत होते. बाबा इथले माळी, अकरा वर्षं रोजंदारीवर. खांबाभोवती छान दाट हिरवळ.

"हे कधीपासून, बाबा?"

"झाला की महिना. साहेब म्हणाले, पाहुणे येणार, मागे जरा हिरवं कर. पाहुणे आले नि गेले. पण म्हटलं, पोरीचं मशीन आहे, उघड्या मातीत बरं दिसतं का? संध्याकाळी पण एक पाणी देतो."

किती खुशीत सांगत होते.

११ मे

साहेबांना सांगितलं. आकडे रद्द करायला मुख्य कार्यालयाला पत्र लिहावं लागेल, असंही म्हटलं.

"हिरवं कर म्हणालो? कुठे लिहिलंय?" मग आवाज मऊ करून, "पत्र पाठवाल, तर पाणी कोणी घातलं तेही लिहावं लागेल. तुमच्या वडिलांना यंदा कायम करायचं चाललंय. बघा बुवा."

बघा बुवा. एवढ्यावर एक वस्ती तहानलेली ठेवता येते.

१२ मे

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. बाबांना आधी समजेचना. "माझ्या पाण्याने त्यांचं पाणी बंद झालं?" दोनदा विचारलं.

आई तडकली. "जगाची काळजी वाहायला तूच एक उरलीस? अकरा वर्षं उन्हात काढलीत त्यांनी. घरावर नांगर फिरवायला शिकवलं का तुला?"

माझाही आवाज चढला. वस्तीतल्या बाईचं सांगितलं, मातीचं सांगितलं. आई उठून आत गेली.

शेवटी बाबा म्हणाले, "तू पत्र पाठवू नकोस. उद्या मीच साहेबांना भेटतो. म्हणतो, चूक माझी, आकडा तेवढा दुरुस्त करा. तुझी सही मध्ये नको."

मी "बरं" म्हटलं.

१३ मे

पत्र काल दुपारी साडेतीनलाच गेलं होतं, थेट मुख्य कार्यालयात. महिन्याभराचे आकडे रद्द धरा, टँकर पूर्ववत करा. पाणी कोणी घातलं, तिथे बाबांचं नाव. कोणाच्या सांगण्यावरून, तिथे साहेबांचं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या खोलीबाहेर बसलेत. त्यांना वाटतंय, अजून सगळं त्यांच्या हातात आहे.