मडगार्डचा रंग खरवडला तेव्हापासून

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज आबाने मला खोऱ्याच्या दांड्याने मारलं. पाठीत एक, दंडावर एक. बाप सत्तरीचा, मी एक्केचाळीसचा, आणि मार पहिलीतल्या पोराला देतात तसा.

कारण काय, तर ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डचा रंग खरवडला. दोन बोटं जागा. जादा लाइट बसवायच्या तर अर्थची वायर उघड्या पत्र्याला लावावी लागते, रंगावर लावली तर लाइट पेटत नाही. हे सांगायला तोंड उघडलं तोवर दांडा बसला. "माझ्या नावावर हाय गाडी! तुझ्या बापाची हाय काय—" आणि थांबला. काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं. म्हणून मग तिसरा, तो डोक्यात बसायचा, मी दांडा धरला.

लाइट लागणारच आहेत. रोह्याला कंपनीत दुरुस्तीसाठी शटडाऊन, आम्हा मेंटेनन्सवाल्यांना रजा नाही, रविवारीसुद्धा नाही. घरी येईस्तोवर काळोख. भात निघालंय, शेतात ओल आहे तोवर वाल पडायला हवा. ओल गेली की बसा बोंबलत. ट्रॅक्टरला मुळातल्या दोन लाइट आहेत, त्या असून नसून सारख्या, आणि मागे काहीच नाही. मागे जोडलेला, माती फोडायचा रोटर कुठे फिरतोय ते देवालाच दिसणार.

दांडा धरला तेव्हा माझा दुसरा हात वर गेला होता. खाली घेतला. आजवर कोणावर हात टाकलेला नाही. बायकोवर, वंदनावर नाही, पोरीवर नाही, बाहेर कोणावर नाही. या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे. बाकी सगळं आबाच्या नावावर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

येताना अष्टमी गावात मेव्हण्याच्या दुकानातून लाइट, रिले, फ्यूज, वायर घेतली. आबा टपरीवर गेलेला. तेवढ्यात घरापुढच्या खळ्यात काम उरकलं. वंदनाने उजेडाला टॉर्च धरली, आणि तोंड चालूच.

"ही जाडी वायर नि ही बारीक, असं का ओ?"

"बारीक वायर स्विचची. स्विच नुसता हुकूम देतो. जाडीतून करंट जातो, काम रिले करतो."

"म्हणजे आबा नि आई."

हसता हसता हातातला पाना पडला. मग दोघांचंही हसू गेलं.

पुढे दोन, मागे मडगार्डवर दोन. बॅटरीजवळ फ्यूज. बटण दाबलं तर खळं लख्ख! पलीकडे पांडूच्या गुरांच्या वाड्यातली म्हैस उठून उभी राहिली. पांडू म्हणजे माझा चुलतभाऊ, शेताला शेत, बांधाला बांध. आबाने परवाच्या साली बांधावरून त्याचे दोन दात पाडले, तेव्हापासून तो आमच्या वाटेने येत नाही.

आई ओटीवर आली. डोळ्यांवर हात घेऊन बघितलंन. "मन्या, झकास झालं रे." आणि लगेच, "गो वंदना, बंद करा आता, येतील ते."

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्यांदा काळोखात शेतात गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. मागच्या लाइटीत रोटरखालून ओली माती निघताना दिसते. वंदना वाल टाकत होती. तिसरा हिस्सा झाला असेल, तेवढ्यात आबा बांधावर.

"दिवेलागणीनंतर माझ्या शेतात लोखंड नाय जायचं! माझ्या बापाने नेलं नाय, मी नेलं नाय!"

मी थांबलो नाही. दगड आला, बॉनेटवर बसला. दुसरा वंदनाच्या पायाशी. ती म्हणाली, चालवा तुम्ही, मी खाली वाकलेलीच हाय. आबा शिव्या घालत घराकडे गेला. मला वाटलं, चला, जिंकलो.

घरी आलो तर आईचा ओठ फाटलेला. "दार लागलं," म्हणाली. आमच्या घरातली दारं लहानपणापासून आईलाच लागतात. आबा पलीकडे बसून भात खात होता. "असला जन्माला घातलास," एवढंच तिला म्हणाला, माझ्याकडे बघून.

पोरगी आमटी वाढून न घेता उठली. मी जेवलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

कंपनी. संध्याकाळी शेतात गेलोच नाही. आईचं तोंड सुजलंय. गेलो तर तिला अजून एक दार लागणार.

वंदना म्हणते, न जाऊन तरी लागणारच आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अक्षर वाकडं येईल.

घरी आलो तर चारही लाइट फोडलेल्या. खळ्यात काचा. वायरी उपटून शेणाच्या खड्ड्यात टाकलेल्या. आबा ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेला, मांडीवर पहार. "ये. बस. बघू तुझा उजेड."

मी म्हटलं, "आबा, उतरा खाली." एवढंच म्हटलं.

त्याने पहार उचलली. आई कुठून आली, मधे घुसली, "नका हो, नका हो." त्याने पहारेच्या टोकाने तिला ढकललं. ती जात्यावर पडली. कंबरेत बसलं. आवाज आला.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण लिहिणार. पहार काढून घेतली, फेकली. मानेला धरून आबाला खाली ओढला. तोंडावर मारलं. परत मारलं. पडला तर लाथ घातली, खांद्यात. किती वेळा ते ठाऊक नाही. कवळी बाहेर पडली, ती पायाखाली चेचली गेली. मला थांबायचं होतं असं मी म्हणणार नाही. मला थांबायचं नव्हतं.

आई जात्याला धरून उठली. "बास," म्हणाली. जोरात नाही.

आबाला ती जन्मात कधी बास म्हणाली नव्हती. मला म्हणाली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खाडा केला. दोघांना पेणला घेऊन गेलो. आईला मुका मार, पट्टा बांधायला सांगितलाय. आबाचं खांद्याजवळचं हाड मोडलंय. हात गळ्यात. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? मी सांगायला तयार होतो. वाटेत मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. आबाच आधी बोलला, "ट्रॅक्टरवरनं पडलो." कवळीशिवाय बोललेलं डॉक्टरला कळलं नाही, परत सांगितलंन.

येताना रिक्षात आई पुढे बसली. मी नि आबा मागे. वाटलं, आता शिव्या सुरू होतील, जमिनीतून काढेल, घराबाहेर काढेल. खरं तर मला तेच हवं होतं.

त्याने चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला नि थोपटलं.

"हात जड हाय तुझा," म्हणाला. "मला वाटायचं, बाई जन्माला आली माझ्या पोटी."

बापाने आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी दिली, ती ही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आबा टपरीवर बसून सगळ्यांना सांगतोय, "पोराने मारलं मला! हाड मोडलंन, नुसत्या लाथेने!" डॉक्टरला पडलो सांगितलं नि गावाला खरं. आणि कसं सांगतोय, तर पोरगा परीक्षेत पहिला आल्यासारखं. वाटलं होतं, गाव थुंकेल माझ्यावर. कसलं काय. टपरीवाल्याने बाकावर जागा करून दिली, चहा आधी मला दिला. कालपर्यंत मला मन्या म्हणणारा आज मनोहरभाऊ म्हणाला.

वंदनाला म्हटलं, मला लाज वाटते. ती म्हणाली, "मला नाय वाटत. बरं झालं. हे कुणीतरी कधीच करायला हवं होतं. त्या दिवशी मला दगड लागला असता म्हणजे?" तिचंही बरोबर आहे. तिच्याशी काय भांडणार.

आबाचा निरोप पोरीकडून, "लाइट परत लाव म्हणावं. ह्या वेळी मोठ्या लाव."

आई माझ्याशी बोललेली नाही. पट्टा बांधून भाकऱ्या थापते, ताट देते, नजर खाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लाइट लागल्या. मोठ्या घेतल्या. आबा खळ्यात खुर्ची टाकून बसला होता. मडगार्ड अजून खरवडावा लागला तर म्हणतो, "खरवड, खरवड, तुझीच हाय गाडी." मला मारायचा तेव्हा बरा होता म्हातारा.

वाल पेरून संपला. अजून ओल होती, देवाची कृपा.

घरी आलो तर आबा वाट बघत बसलेला. "पांडूने बांध कोरलाय. हातभर आत आलाय आपल्यात. मी गेलो असतो, पण हा हात असा. तू जा."

"भांडायला मी नाय जाणार."

"बापावर चालतो हात, पांडूवर नाय चालत?"

वंदनाकडे बघितलं. ती म्हणाली, "मारायला नका जाऊ. निदान सांगून तरी या."

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेलो. सांगायलाच गेलो, गळ्याशपथ. ट्रॅक्टर शेतातून आणायचाच होता, म्हणून तसाच पांडूच्या दारात घेतला. पुढच्या लाइट चालू होत्या. त्याची ओटी, तुळस, आतल्या खुंटीवरचे कपडेसुद्धा दिसत होते. उतरलो तेव्हा हातात टॉमी होती. चाकाचे नट काढायची. सीटखाली असते. कधी घेतली, आईशप्पथ आठवत नाही.

पांडू बाहेर आला. डोळ्यांवर हात. मला बघितलं, मग टॉमी बघितली, आणि खालच्या पायरीवर बसला. हात जोडले. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. लहानपणी मला पोहायला त्याने शिकवलं.

"मनोहर, बांध घालून देतो रे. सकाळीच घालतो, तू सांगशील तिथं. पोरं हायत घरात."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

आणि मला बरं वाटलं. इथे तरी खरं लिहू दे. छातीत गार गार वाटलं. एवढी वर्षं आबाला काय मिळत होतं ते कळलं. मी "बरं" म्हटलं नि गाडी वळवली.

येताना मुद्दाम बांधाच्या कडेने आलो. एवढा उजेड, काटकी न् काटकी दिसत होती. बांध कोरलेला नाही. जुने दगड जागच्या जागी, त्यांच्यावरचं गवतसुद्धा हललेलं नाही. इकडून बघितलं, उतरून तिकडून बघितलं. पांडूने काहीही केलेलं नाही.

आबाला सांगितलं तर हसला. बोळकं पसरून हसला. "म्हाईत हाय मला. पण देतो म्हणाला ना?"

२३ नोव्हेंबर, रविवार

शटडाऊन संपला. आज सुट्टी.

पांडू सकाळपासून बांध फोडतोय. स्वतःचा. दगड उचलून आत, त्याच्या शेतात हातभर सरकवतोय. बायको घमेली भरतेय. त्याने वाल आमच्या आधीच पेरलेला, वर आलाय, त्या रोपांवरच माती टाकतायत. आबा खुर्ची उचलून मागच्या पडवीत नेऊन बसलाय, तिथून दिसतं. "अजून आत घे!" ओरडतो. पांडू माझ्या घराकडे बघतो नि घेतो.

जाऊन थांबवायला हवं. पांडू, तुझं काही चुकलेलं नाही, दगड ठेव परत, एवढं तर बोलायचंय. दोनदा चप्पल घातली. मला येताना बघून तो परत हात जोडणार, बायकोसमोर. ते बघायला नको वाटतं. आणि एक आहे, ते बघावंसंही वाटतं. म्हणून जास्त भीती वाटते.

हे लिहीत होतो तर आई आली. सोमवारनंतर पहिल्यांदा बोलली. दाराशी उभी, पिशवी पायाशी, पदर दोन्ही हातांत धरलेला.

"गागोद्याला सुमीकडं जाऊ का दोन दिस? तुझ्या बापाचं ताट वंदना बघंल."

सुमी म्हणजे मावशी. जवळच तर आहे.

"अगो आई, जा की. मला काय विचारतेस?"

तिने मान हलवली, पण गेली नाही. आबाला असं विचारून झालं की ती अशीच थांबायची. आबा एकदा हो म्हणायचा आणि मग नाही म्हणायचा.

म्हटलं, "आई, बस इथे जरा."

बसली. लगेच बसली. पिशवी मांडीवर घेऊन, कंबरेचा पट्टा सावरून, माझ्या हाताकडे बघत. मी पेन खाली ठेवलेलं नाही, कारण ठेवायला हात उचलावा लागेल.