गाडी चार्जिंगला लावली आहे

३ सप्टेंबर

गाडी घेतली. इलेक्ट्रिक. परदेशी कंपनीची, काळी, लांबच लांब, आत गुळगुळीत चामडं. नव्या गाडीच्या पाव किमतीत. स्वस्तात मस्त कुठे असतं का, असं लोक म्हणतील. असतं. पारखी नजर लागते.

चाळीस वर्षं मिक्सर, पंखे आणि रेडिओ दुरुस्त केले, तेही कुणाकडे न शिकता. पेट्रोलच्या गाडीतलं मला कळत नाही, म्हणून दुकानाचा टेंपो सोडला तर आजवर गाडीच्या वाटेला गेलो नाही. ही तर चाकं लावलेला मिक्सर. हिच्यात मला कोण फसवणार?

दलाल सज्जन माणूस. सगळे मला काका म्हणतात, हा सर म्हणाला. आधीची मालकीण एक डॉक्टरीणबाई. घर ते दवाखाना, एवढीच चालली आहे म्हणाला. सर, तुम्ही एका नजरेत ओळखलंत, असंही म्हणाला. काय ओळखलं ते मी विचारलं नाही. उगाच अज्ञान कशाला दाखवा.

चिरंजीवांचा फोन. कागद कुणा जाणकाराला दाखवले का, असं विचारत होता. म्हटलं, मी गाडी घेतली आहे, कागद नाही.

४ सप्टेंबर

हिने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, आपल्या दारात कुणाची गाडी लावली आहे, काढायला सांगा. सांगितलं, आपलीच. ही खिडकीचा पडदा ओढून आत गेली. दृष्ट लागू नये म्हणून असावं.

मग कारण समजावून सांगितलं. थोरल्या मेहुणीबाई आणि साडू महिनाअखेरीस मुलाकडे परदेशात चाललेत, कायमचे. तिकडे म्हणे बर्फ पडतो. हिने बहिणीसाठी वर्षभर बसून स्वेटर विणलाय, मोरपिशी. दोनदा उसवून पुन्हा विणला. आता २४ तारखेला जायचं, चार दिवस दोघी बहिणींनी पोटभर बोलायचं. अशा वेळी बसने जाणं शोभतं का?

ही म्हणाली, तीस वर्षं बसनेच शोभत होतं.

तिला ते आठवत नाही. मला आठवतं. मागच्या वेळी निरोप देताना साडू आपल्या जुन्या गाडीला टेकून म्हणाला होता, तुमचं बरं आहे, बसला पार्किंग शोधावं लागत नाही.

संकल्प: तिथे गेल्यावर गाडीचा विषय आपण काढायचा नाही. साडूने काढेपर्यंत थांबायचं. फार तर किल्ली टेबलावर ठेवायची, दिसेल अशी.

बसचं तिकीट काढलं होतं, ते रद्द कर म्हटलं. ही म्हणाली, बघते.

७ सप्टेंबर

गाडीत बसलं की सीट आपोआप पुढे सरकते. डॉक्टरीणबाई ठेंगण्या असाव्यात. माझे गुडघे वर येतात आणि पोट स्टिअरिंगला टेकतं. मागे घेतली तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच. काही नाही, पाठ ताठ राहते. या वयात चांगलंच.

पडद्यावर अक्षरं येतात आणि बाईमाणसाच्या आवाजात ‘वेलकम, डॉक्टर’ होतं. ही चूक दुरुस्त करणार होतो. मग राहू दिलं. ऐकायला वाईट वाटत नाही.

९ सप्टेंबर

चार्जिंग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडली. भरायला दीड दिवस लागतो. घाईच्या कामात राम नसतो. मात्र गाडी आणि मिक्सर एकदम चालत नाहीत, घरातली वीज जाते. आज ही चटणी वाटायला लागली तेव्हा तीनदा अंधार झाला. शेवटी मिक्सर बाजूला ठेवून म्हणाली, तिचं जेवण झालं की सांगा, मग आपलं करते.

खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, निवृत्त, वायर हातात धरून विचारत होते, हे काय लोंबतंय. सांगितलं, प्रगती. ते म्हणाले, माझ्या वाळत घातलेल्या धोतरावर आलीये, जरा सरकवा.

१३ सप्टेंबर

बाजारात जाऊन आलो. निघताना पडद्यावर अजून तीनशे ऐंशी किलोमीटर जाईल असं होतं, परत आलो तेव्हा दोनशे दहा. बाजार काही इतका लांब नाही. वारा समोरून होता. परत येताना मागून असायला हवा होता हे खरं, पण वाऱ्याचं काय सांगावं.

साडूचं गाव दीडशेवर. म्हणजे आरामात. वारा नसेल तर.

१७ सप्टेंबर

खरा घोळ सापडला. रात्री पूर्ण भरून ठेवावी, तर सकाळी थोडी उतरलेली. उभ्या उभ्या. फुटक्या माठासारखी. चिरंजीव म्हणाला, बाबा, सगळ्यांचंच थोडं उतरतं, काही करू नका. शिकलेल्या माणसाचा हा दोष. गळतंय हे दिसतं तरी हात लावायचा नाही.

मी पुढचं झाकण उघडून पाहिलं. उघडायचं तेही पडद्यावर बोट लावून, ओढायला साधी दांडी नाही. आत एक छोटी बॅटरी, आपल्या ओळखीची, नट-बोल्टवाली. दारं, दिवे, पडदा, सगळं तिच्यावर. मोठी बॅटरी खाली, चाकांपुरती. म्हणजे चोर हीच. रात्रभर जागी राहून खाते.

उपाय मला लहानपणापासून ठाऊक आहे. टॉर्चमधले सेल झोपताना काढून ठेवायचे. आमच्या घरात रिमोटचेसुद्धा सेल रात्री बशीत असतात. त्यामुळे आमचा टॉर्च बावीस वर्षं टिकलाय. ही म्हणते, लाइट गेल्यावर अंधारात सेल शोधण्यात आपली अर्धी हयात गेली. पण टॉर्च टिकलाय.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ

उद्या सकाळी सहाला प्रस्थान. सामान आजच भरून टाकलं, डिकी भली मोठी आहे. हिची बॅग, माझी बॅग, स्वेटरची पिशवी. स्वेटर मी मांडीवर घेईन म्हणत होती. म्हटलं, अगं, बस नाही ही.

गाडी काठोकाठ भरली आहे. आता एक थेंब सांडू द्यायचा नाही. दहा नंबरचा पाना घेऊन छोट्या बॅटरीची वायर सोडवली, टोकाला चिंधी बांधली आणि झाकण लावलं. काय आवाज आला म्हणून सांगू. टप्. तिजोरीसारखा.

उद्या साडूचं तोंड बघायचं.

२४ सप्टेंबर, सकाळी ६.२०

गाडी उघडत नाही.

६.४५

दाराच्या मुठी आत गेलेल्या असतात, किल्ली जवळ नेली की बाहेर येतात. आज येत नाहीत. गोगलगाय बरी. डिकीही तशीच. वीज नाही म्हणून दारं उघडत नाहीत. वीज द्यायची तर वायर जोडायला हवी. वायर झाकणाखाली. झाकण विजेवर.

रचना करणाऱ्याने विचार केलेला नाही.

७.१५

ही खाली आली, एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या पान्याकडे. मी सांगितलं, अर्ध्या तासात होईल. ती म्हणाली, बरं डॉक्टर. वर गेली, आली ती पर्स घेऊन. पर्समधून बसचं तिकीट निघालं. रद्द केलंच नव्हतं.

एकच होतं. माझं रद्द केलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही गाडीने येणार होतात ना.

रिक्षात बसताना म्हणाली, नेसत्या साडीवर जाते, ताईच्या साड्या मला होतात. पण २८ला रात्री त्यांचं विमान आहे, त्याआधी स्वेटर तिच्या हातात पडू दे. स्वेटर आला म्हणजे झालं. तुम्ही नाही आलात तरी चालेल.

रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. पण आवाज रागाचा नव्हता. तेच जरा लागलं.

२५ सप्टेंबर

दलालाला फोन. परवापर्यंत सर होतो, आज कोण बोलतंय म्हणून विचारलं. मग म्हणाला, आवाज तुटतोय. माझ्याकडे अजिबात तुटत नव्हता.

कंपनीच्या वर्कशॉपमधून पोरगेला मेकॅनिक आला. म्हणाला, काका, घाबरू नका, अशा वेळेसाठी पुढच्या बंपरला छोटी झडप असते, तिथे बाहेरून करंट दिला की झाकण उघडतं. मी म्हटलं, मला अंदाज होताच. त्याने बंपरवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग टिचकी मारून पाहिलं आणि सांगितलं की गाडी पुढून चांगलीच ठोकलेली आहे, बंपर हलक्या दर्जाचा बसवलाय आणि झडप होती तिथे पुट्टी भरून रंग मारलाय.

डॉक्टरीणबाई घर ते दवाखाना जात होत्या हे खरं असावं. शेवटच्या खेपेला बहुधा पेशंट म्हणून.

आता सगळं पुढून खोलावं लागेल. वर्कशॉपमध्ये तीन आठवडे जागा नाही. गाडी ओढून नेता येत नाही, उचलून न्यावी लागते. मी विचारलं, डिकीतली एक पिशवी तेवढी निघेल का? तो म्हणाला, काच फोडून, मागची सीट पाडून. पण काका, एवढ्या गाडीची काच कोण फोडणार.

बरोबर आहे. कोण फोडणार.

२६ सप्टेंबर

हिचा फोन. मजेत आहे म्हणाली. ताई विचारते, स्वेटरचा रंग कोणता. सांगितला नाही, प्रत्यक्षच बघ म्हटलं.

मी म्हटलं, गाडी चार्जिंगला लावली आहे, झाली की निघतो. ती हो म्हणाली. एवढंच.

तसाच स्वेटर बाजारात मिळतो का पाहून आलो. एका दुकानात मोरपिशी होता. मापाचाही वाटला. हातात घेतला, उलटून आतली वीण पाहिली आणि ठेवून दिला. दुकानदार विचारत होता, काय कमी आहे. दोनदा उसवलेला नव्हता, हे त्याला काय सांगणार.

२७ सप्टेंबर, सकाळ

काच फोडली. मागच्या दाराची, तीच लहान असते. आमचा जुना हातोडा, वर टॉवेल गुंडाळून. पहिला घाव तिरका गेला, नुसता ओरखडा उठला. दुसरा नीट बसला. अलार्म वाजला नाही. एवढी उंची गाडी, पण मालकच घाव घालतोय म्हटल्यावर हूं नाही की चूं नाही.

सीट पाडली आणि डिकीत शिरलो. कमरेपर्यंत छान गेलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पिशवी मात्र हाताला लागली होती. त्या अवस्थेत पाय बाहेर असताना पोस्टमास्तर आले. त्यांनी माझ्या पोटरीवर काठी ठेवून विचारलं, कोण आहे रे. मी आतून म्हटलं, मालक. ते म्हणाले, मालकाला चांगला ओळखतो मी, तो असले धंदे करणार नाही. मग चप्पल ओळखली त्यांनी. पाय धरून बाहेर ओढलं. शर्ट फाटला. त्यांनी पाठीवरचे काचेचे तुकडे झटकले आणि म्हणाले, दुपारची बस अडीचला असते.

काच नाहीतरी बदलायचीच होती. जरा धुरकट होती.

२७ सप्टेंबर, रात्र

बसमध्ये शेवटची सीट मिळाली. दीडशे किलोमीटर पिशवी मांडीवर. वारा समोरून असूनही बस वेळेवर पोचली.

स्टँडवर साडू आपली जुनी गाडी घेऊन उभा. वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. गाडीचा विषय त्याने काढला नाही. मीही संकल्पाला जागलो.

मेहुणीबाईंनी स्वेटर तिथेच घातला, पंख्याखाली घाम पुसत. काढायला तयार नाहीत. जेवतानाही अंगात. दोघी बहिणी एकमेकींकडे बघतात आणि हसतात, काय ते आम्हाला सांगत नाहीत. हिने माझ्या पानात न विचारता वाढलं. शर्टाची फाटलेली बाही पाहिली आणि सुईदोरा आणायला उठली.

किल्ली टेबलावर ठेवली होती. साडूने ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, गाडी का नाही आणली. सांगितलं, चार्जिंगला लावली आहे. कुणीही हसलं नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, हे त्यावरून कळलं.

२९ सप्टेंबर

काल रात्री दोघांना विमानात बसवलं. बहिणींनी एकमेकींना मारलेली मिठी काही सुटेना. मेहुणीबाई स्वेटर घालूनच गेल्या.

निघण्याआधी साडूने मला बाजूला घेतलं. वाटलं, आता टोमणा. त्याने आपल्या गाडीची किल्ली माझ्या मुठीत कोंबली. म्हणाला, विकायला मन होत नाही, जुनी आहे पण चालते, तुम्ही दोघं वापरा. मी म्हटलं, अहो, माझी आहे ना. तो म्हणाला, आहेच, तिची चार्जिंग होईपर्यंत.

ज्या गाडीला खाली बघायला लावायचं होतं, तीच चालवत घरी आलो. कुठेही थांबली नाही. ही शेजारी बसून डोळे पुसत होती, मग झोपली. आता दोन्ही गाड्या दारात आहेत. काळीला खिडकीच्या जागी पुठ्ठा लावलाय.

३० सप्टेंबर

साडूची गाडी जुनी आहे, जपायला हवी. विचार केला, तिचीही बॅटरी रात्रीपुरती सोडवून ठेवावी. दहा नंबरचा पाना कुठे सापडेना. हत्यारांची पेटी पाहिली, कपाट पाहिलं, टॉर्चचे सेल घालून माळाही पाहिला.

शेवटी हिला विचारलं. विणकामातून मान वर न करता म्हणाली, चार्जिंगला लावलाय.