पुरवणी क्रमांक तीन

पळसदरी,
१० नोव्हेंबर २०२५

चि. जागृती हीस धाऊमामाचे अनेक आशीर्वाद.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तक्रार लेखी असलेली बरी. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे मी. तोंडी तक्रारीचं काय होतं ते मला विचार.

तू ‘घाटवाट’ खेळाचं पुस्तक छापलंस, तेव्हा भाचीचं मन मोडू नये म्हणून आम्ही खेळायला बसलो. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि संकटं आणणारा. शेजारचा नामा व्यापारी, पदू वैद्य आणि तुझी गोदामामी वाटाडी. ज्याने त्याने आपलं पात्र होऊन बोलायचं, अडलं की फासे टाकायचे. आता वर्ष झालं, रविवारी दुपारी ओटीवर चटई पडली नाही तर करमत नाही.

पण तुझ्या नव्या नियमांच्या पुरवण्यांनी उच्छाद मांडलाय. चार महिन्यांत तीन! पहिलीचं शुद्धिपत्रक पहिलीच्या आधी पोचलं. दुसरीत पदूच्या वैद्याला उडता येऊ लागलं. पदू खूश. मग शुद्धिपत्रक आलं की वैद्याने उडू नये. तेव्हा तो दरीच्या मधोमध होता. आता त्याचं काय करायचं ते कुठल्याच पानावर नाही, म्हणून गेले दोन महिने तो तिथेच लोंबकळतोय.

आणि तिसरी! तीत तू नकाशा दिलास आणि वाटाड्याचं पद रद्द केलंस. मी गोदाला तसं रीतसर कळवलं. त्या दिवसापासून ती चटईवर बसत नाही. नामा दोनदा बोलवायला आत गेला, तर म्हणाली, तुमी खेळा, माजं तितं काय काम हाय. नामाही आता काहीबाही कारणं सांगतो. आमचा रविवार मोडत आलाय, जागृती. याला जबाबदार कोण?

उत्तर लेखी दे. आशीर्वाद आहेत, त्यांना शुद्धिपत्रक लागत नाही.

तुझा,
धाऊमामा

खालापूर,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस, शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले आणि मग वाईट वाटलं. पदूकाकांना आधी खाली उतरवा. पुस्तकात नसलं तरी उतरवा, माझी परवानगी आहे.

मामा, दर महिन्याला काहीतरी काढलं नाही तर लोक विसरतात हो. नवं पुस्तक आलं की आठ दिवसांत विचारणा सुरू, पुढचं कधी? मोठे प्रकाशक तर पुस्तक निघण्याआधीच त्याच्या पुरवणीची जाहिरात करतात. मीही त्याच शर्यतीत धावले. पुरवणी दोन आम्ही एकदाही खेळून पाहिली नव्हती, हे तुम्हाला म्हणून सांगते.

पण पुरवणी तीनबद्दल एक विचारू? पान एकतीस पाहिलंत का? तिथे तळाशी लिहिलंय की हा नकाशा ज्यांच्या गटात वाटाड्या नाही त्यांच्यासाठी आहे, आणि कुठलीही पुरवणी वापरलीच पाहिजे असं नाही. मामीचं पद मी रद्द केलं नाही. ते कोणी केलं?

मामीला माझा नमस्कार सांगा. रागावू नका, आणि रागावलात तर तेही लेखी कळवा.

तुमची,
जागृती

पळसदरी,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. जागृती हीस आशीर्वाद.

पान एकतीस वाचलं. भिंग लावून वाचलं.

कचेरीत कागद आला की मी त्यावर ‘प्राप्त’चा शिक्का मारायचो आणि त्याच दिवसापासून तो लागू. कागद न वापरण्याची मुभा कागदच देतो, असं छत्तीस वर्षांत पाहिलं नाही. तुझ्या तिन्ही पुरवण्यांच्या पानापानावर मी शिक्का मारलाय. तिसरीच्या एकतिसाव्या पानावरचा शिक्का नेमका तळाच्या त्या ओळींवर बसलाय.

चूक माझी आहे. पण थोडी तुझीही. ज्या ओळीने माणूस चटईवर राहतो की उठतो हे ठरतं, ती एकतिसाव्या पानाच्या तळाशी असते का गं? ती पहिल्या पानावर हवी. आणखी एक. आपल्याकडे नवा तांदूळ लगेच शिजवत नाहीत, गिच्च गोळा होतो. वर्षभर कणगीत मुरू देतात, मग पाहुण्याला वाढतात. तू तर झोडणी होते न होते तोच पंगत बसवतेस. आधी एखाद्या ओटीवर खेळून बघ, मग छाप.

गोदाला मी पान एकतीस वाचून दाखवलं. ती चहा ठेवून आत गेली. मला आता भीती वाटते. तू तिला लिही.

तुझा,
धाऊमामा

पळसदरी,
५ डिसेंबर २०२५

चि. जागृतीस गोदामामीचा आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका झाकून घे.

तू लिहितेस की झालं ते चुकून झालं. मला ठाऊक हाय. मला नकाशाचं वाईट वाटलं नाय. लग्नाआधी मी आईबरोबर डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरायची. कुठे पाणी, कुठे पाय घसरतो, सगळं पाठ. या घरात चाळीस वर्षांत मला कुणी वाट विचारली नाय. त्या चटईवर नामाभावजी विचारायचे, पदू विचारायचा, मामासुद्धा विचारायचे, गोदा, आता कुठे वळायचं? आणि मग एक कागद आला, मामांनी उभं राहून वाचला, आणि तीन पुरुषांतला एकही म्हणाला नाय की ही बसू दे. रडू आलं ते त्याचं. आणि त्याच दुपारी त्यांना चहा मीच करून दिला.

आता राग गेलाय. मामा चार दिवस माझ्या मागे मागे फिरतायत, पान एकतीसची झेरॉक्स घेऊन. गेल्या रविवारी मी बसले. पदूला दरीतून काढला, खाली कारवीच्या दाट झुडपांचं रान होतं, पडणाऱ्याला झेलणारं, मला माहीत होतं.

तू म्हणतेस माझ्या वाटांची पुरवणी कर. करते, पण पुढल्या वर्षी. आधी इथे मुरू दे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छाप, की नको असेल तर वापरू नका. त्याच्याखाली एकच नियम घाल. चटई पडली की चहा सूत्रधाराने करायचा. आणि हा नियम सगळ्यांनी पाळायचा, हेसुद्धा पहिल्याच पानावर असू दे. मामांचा शिक्का मी आत्ताच मारून घेतलाय.

माया आहेच, पोटभर जेवत जा.

तुझी,
गोदामामी, वाटाडी