घासलेली भिंत

ती. बाबांना नमस्कार. हात साबणानं धुऊनच लिहायला बसले आहे, काळजी नसावी.

वाइनच्या कारखान्यातली नोकरी झकास चाललीय. वर नव्या स्टीलच्या टाक्या आहेत, त्यांचं तापमान मी स्क्रीनवर बघते. खाली तळघरात मालकीणबाईंच्या घराण्याची पाच पिढ्यांची लाकडी पिंपं आहेत, त्यांतल्या वाइनची चव त्या स्वतः बघतात. मी पीत नाही, आईला सांगा. चाखावी लागली तर थुंकून टाकते.

तुमची स्वच्छतेची शिकवण मात्र मला नडली. तळघराच्या भिंतींवर काळी, मखमलीसारखी बुरशी होती. सोमवारी हाताला काम नव्हतं, म्हणून ब्रश घेतला आणि एक अख्खी भिंत लख्ख घासून काढली! शाबासकीची वाट बघत उभी राहिले. मालकीणबाई आल्या आणि मटकन पायरीवरच बसल्या. ती बुरशीच तळघरातला ओलावा धरून ठेवते म्हणे. त्यांच्या पणजोबांपासून तिला कुणी हात लावला नव्हता.

वाटलं, आता गाशा गुंडाळावा लागणार. पण थोड्या वेळानं त्या पोट धरून हसायला लागल्या. म्हणाल्या, "परत वाढायला बारा वर्षं लागतील. तोवर तू कुठे जात नाहीस. रोज भिंतीवर पाणी शिंपडायचं." म्हणजे नोकरी पक्की!

तुमचा गुडघा कसा आहे? जिना धुणं बंद केलंत ना? खरं सांगा.

आणि बारा वर्षांचं आईला बोलू नका. बुरशी लवकर वाढावी म्हणून मी रोज दोनदा पाणी शिंपडते.

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी