नव्व्याण्णवावरचा झेल

रविवार, ९ मार्च रोजी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी तू माझ्या नवऱ्याला नव्व्याण्णव रनांवर आऊट केलंस. (वेळ माझ्या घड्याळातली आहे, पंचांच्या नव्हे. पंचांचं घड्याळ दोनच्या पुढे सरकायला तयार नव्हतं.)

चि. भोपळ्यास,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत नाही, कागद घाण होतो. तुझी कंबर कशी आहे? कॅच घेतल्यावर तू जी उडी मारलीस ती पाहता उत्तम असावी. मग माझं कपाट हलवायचं होतं त्या दिवशी कुणाची कंबर धरली होती? तुझ्या बायकोला मी विचारलं म्हणून सांग. तिचा यात काही दोष नाही. असलाच तर तुझ्याशी लग्न केल्याचा, आणि त्याची शिक्षा ती भोगतेच आहे. पासष्टीच्या माणसाला भोपळ्या म्हणते म्हणून रागावू नकोस. शाळेच्या प्रत्येक सामन्यात शून्यावर परत येऊन ते नाव तूच कमावलंस, मी फक्त वापरते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, राग आला की तो पूर्ण वाक्यांत मांडावा, म्हणजे निम्मा उतरतो. टेलिफोन खात्यात मी आयुष्यभर त्यांचं ऐकलं. आज उतरेल असं वाटत नाही.

तुझ्या भावजींचा नव्वदीचा आजार तुला ठाऊक आहे. एकोणनव्वदपर्यंत ते असे खेळतात की बघणाऱ्याने नाव काढावं. नव्वद झाले की त्याच माणसाचं, स्वतःच्याच दारात उभं राहून खिशात किल्ली शोधणाऱ्यासारखं होतं. ग्लोव्हज काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. बुटाची नाडी सोडून बांधायची. पंचांना विचारायचं, मी मधल्या स्टंपसमोरच उभा आहे ना? (अहो, सकाळपासून तिथेच उभे आहात.) मग खेळपट्टीवर जाऊन बॅटने असं थोपटायचं की जणू तान्हं मूल झोपवतायत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले की पहिले नव्वद रन चेंडू दिसतो, पुढचे दहा रन नुसता आकडा दिसतो. असे ते एक्याण्णववर गेले, चौऱ्याण्णववर गेले, सत्त्याण्णववर तर मागच्या स्टंपवर स्वतःच बसले. शतक आजवर एकही नाही.

हे फक्त मैदानावरचं असतं तर मी सहन केलं असतं. पण आमच्या बैठकीच्या खोलीच्या तीन भिंती पांढऱ्या आहेत आणि चौथी अजून पिस्ता रंगाची आहे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे तेव्हा साहेब म्हणायचे, यांचा नकाशा सुंदर, फक्त उत्तर दिशेचा बाण दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावा लागतो. आणि लग्नाचं आठवतं ना? मला मागणी घालायला आले, बाबांशी गटाराच्या उतारावर दोन तास बोलले, दोन कप चहा प्यायले आणि नमस्कार करून निघाले. फाटकापर्यंत मागे जाऊन मीच विचारलं, की तुम्हाला आणखी काही म्हणायचं होतं का? तर म्हणाले, हो, पण पुढच्या रविवारी म्हणेन. शेवटचा रन मीच काढला. (त्याचा पश्चात्ताप नाही. उलट वाटतं, दर वेळी दुसऱ्या टोकाला आपण असतो तर बरं झालं असतं.)

म्हणूनच त्या रविवारचं एवढं मनाला लागलंय. पुढच्या महिन्यात त्यांचा गुडघा बदलायचा आहे. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, पळायचं मात्र विसरा. सामना तरी काय, टाकीमागच्या मैदानावर पाणीखात्याचे पेन्शनर विरुद्ध तुमचे विमावाले पेन्शनर. अर्ध्या खेळाडूंना चेंडू दिसत नाही आणि उरलेल्यांना वाकता येत नाही. अशात भावजी नव्व्याण्णववर पोचले. नव्वदपासून तिथवर यायला त्यांनी इतका वेळ घेतला की समोरच्या टोकाला उभे असलेले त्यांचे कप्तान, ते पूर्वीचे पंपवाले, बॅटवर हनुवटी टेकून चक्क पेंगत होते. आणि ओव्हर टाकायला आलास तू.

तुझा तो चेंडू मी बाकावरून पाहिला. चेंडू कसला, कुणाचं तरी बोट सुटलेला फुगा. वर गेला, जरा थांबला, आजूबाजूला पाहिलं आणि सावकाश खाली यायला लागला. तेवढ्या वेळात भावजींनी चष्मा नीट केला, डावीकडे मारावा की उजवीकडे याचा विचार केला, दोन्ही बाजू पटल्या, आणि चेंडू सरळ तुझ्याच हातात दिला. ज्या हातांनी लहानपणी घरातली एक कपबशी धड ठेवली नाही, त्या हातांनी तो धरला! आणि वर उडी! सोडला असतास तर कुणी काय म्हटलं असतं? तुझ्या वयाला साजेसंच झालं असतं. त्यात माझंही नशीब असं की शतक झालंच म्हणून मी उठून टाळी वाजवली. एकच वाजली. सगळं मैदान गप्प आणि माझी एक टाळी. ती काही परत घेता येत नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “टाळी कुणासाठी होती?”

घरी आल्यावर मला वाटलं, तुझ्या कॅचबद्दल चार शब्द बोलतील, मग मी आठ बोलेन. पण कॅचबद्दल त्यांची काही तक्रारच नाही. कॅच ती कॅच, म्हणतात. तक्रार चेंडूची आहे. “मेहुण्याने मला टोपीत नाणं टाकावं तसा चेंडू टाकला. आणि मला तेही घेता आलं नाही,” एवढंच बोलले आणि पॅड माळ्यावर टाकून आले. मी म्हटलं, अहो, त्याला दयाच करायची असती तर त्याने कॅच का घेतली असती? तर म्हणाले, “चेंडू मनाने टाकतात, कॅच हात घेतो. त्याच्या हाताला कुठे ठाऊक होतं?” यावर मी न भांडता चहा टाकला. (मी! हे तू कुणाला सांगू नकोस.) तेवीस तारखेला हंगामातला शेवटचा सामना आहे. “मी खेळायला येणार नाही,” म्हणतात, “आता आणखी कोण कोण काय काय भीक वाढेल, कुणी सांगावं.” गेले दहा दिवस घरात कुणी नाडी सोडत नाही, बांधत नाही. मी इतकी वर्षं त्या नाडीला नावं ठेवली. आता त्या शांततेत मला पेपरसुद्धा वाचवत नाही.

तेव्हा तुझी लेखी माफी हवी. फोनवरची चालणार नाही, फोनवर तू हसतोस.

तुझी (नाइलाजाने)
ताई

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. माफी मुळीच मागू नकोस. माफीचा एक शब्द त्यांच्या नजरेस पडला तर तू दया केलीस हे कायमचं ठरलं. पत्र मला नको, त्यांच्या नावाने लिही, आणि त्यात फुशारकी मार. लिही की हा चेंडू तू महिनोन्‌महिने घरामागच्या भिंतीवर घोटवला होतास, भावजी नव्वदीत गेले की एका चेंडूवर दोन विचार करतात हे हेरून खास त्यांच्यासाठी राखून ठेवला होतास. नव्व्याण्णववर पकडलं याचा आनंद अजून ओसरला नाही असं लिही. त्यांना चीड आली पाहिजे. चिडून पॅड खाली आले पाहिजेत. फार नटवून लिहू नकोस, ते नकाशे काढणारे आहेत, वेलबुट्टी दिसली की त्यांना संशय येतो.

दुसरा ता. क. खरं काय ते मला कधीच सांगू नकोस. मायेपोटी टाकला होतास असं कळलं तर मला तुझ्यावर रागावता येणार नाही, आणि या वयात रागवायला हक्काचं दुसरं माणूस कुठून आणू? तेवीस तारखेला ते शतक काढतील असंही मी धरून चाललेले नाही. नव्वदीत जाऊन पुन्हा अडकले तरी चालेल. नाडी सोडू देत, बांधू देत, पंचांना दहादा विचारू देत. मी बाकावर बसून राहीन, हात मांडीखाली ठेवून. पंपवाल्यांना शनिवारी सहा वाजता नावं द्यायची आहेत, म्हणून तुझं उत्तर लेखी, त्यांच्या नावाने, शनिवार, २२ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत आमच्या पेटीत पडलं पाहिजे. स्वतः आणून टाक. घंटी वाजवू नकोस, तुझं तोंड पाहिलं की त्यांना सगळं कळेल.