पोटरी दुखतेय, एवढंच

आई, मनातल्या मनात मी तुझ्याशी खूपदा भांडते, लिहून कधी भांडले नव्हते. आज लिहितेय, कारण आपल्या घरात परत एक बाळंतीण आहे आणि परत एक पाय दुखत होता.

बाबांनी दुसरं लग्न केलंय. मी तिला मावशी म्हणते. पहिल्यापासून मी तिच्यावर नजर ठेवून होते. तुझा काळा झालेला तवा तिने घासून लखलखीत केला, तेव्हाच मला वाटलं, ही हळूहळू तुलाही असंच पुसून टाकणार. तशी ती माझ्याशी चांगली वागते, पण मला त्याचाच जास्त संशय येतो. मी सिक्स्थ फॉर्म, म्हणजे इथलं अकरावी-बारावी, अर्धवट सोडलं तेव्हा बाबा आठवडाभर बोलले नाहीत. ती म्हणाली, "जेव आधी." आता मी हीथ्रोजवळ प्लेनच्या जेवणाचे ट्रे भरते. तिथे फार बोलावं लागत नाही, म्हणून बरं वाटतं.

तिथेच ब्रेकमध्ये फोनवर बातमी वाचली. या देशात बाळंतपणात आणि नंतर बायका मरायचं कमी होत होतं, ते परत वाढलंय. गोऱ्या बायकांपेक्षा आपल्या आणि काळ्या बायका जास्त जातात. पुष्कळ जणी रक्ताच्या गाठीने जातात, ती पायातून वर छातीत चढते, म्हणून असा पाय चोळायचा नाही. मी सॅंडविच तसंच ठेवलं. बाबा अजून तुझ्याबद्दल सगळ्यांना सांगतात, "तिचं नशीब. नाहीतर यूकेत बाळंतपणात कोण मरतं?"

मला ते दिवस आठवतात, आई. हाउन्सलोचा तो छोटा फ्लॅट. बाबांची आई, आजी, पुण्याहून डिंकाचे लाडू घेऊन आलीये, तुझ्या डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलाय, आणि सव्वा महिना पलंगावरून उतरायचं नाही म्हणून तुला दम देतेय. तिने ओव्याची धुरी दिली तर स्मोक अलार्म वाजला. वरची पंजाबी आंटी धावत खाली आली आणि तू इतकी हसलीस की टाके धरून बसलीस. मग तुझा पाय सुजला. एकच. आजी तेल लावून जोरजोरात चोळायची. तू म्हणायचीस, "पोटरी दुखतेय, एवढंच." बाबांनी सर्जरीत, आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन केला. मी दारात उभी होते, मला त्यांचं इंग्लिश पाठ आहे, "सॉरी टु बॉदर यू, माय वाइफ इज फाइन, जस्ट अ बिट टायर्ड." पलीकडून कोणीतरी विश्रांती घ्या म्हणालं. तू पलंगावरून सगळं ऐकत होतीस. त्याच आठवड्यात तू गेलीस.

आणि मला दुकानात पैसे देताना कोण रागवायचं? "तोंड आहे ना तुला? मोठ्याने बोल, नाहीतर कोणी विचारणार नाही." मग तुझं तोंड कुठे होतं तेव्हा? बाबांच्या हातातून फोन का नाही घेतलास? मला आजीचा संशय आहे, बाबांचा आहे, त्या सर्जरीवाल्यांचा आहे. आणि थोडा तुझाही.

गेल्या रविवारी ही आपली नवी बाळंतीण, मावशी, किचनमध्ये एक पाय खालच्या ड्रॉवरवर ठेवून उभी होती. तू अगदी तशीच उभी राहायचीस. "काही नाही गं, पोटरी दुखतेय." तेवढ्यात आजी व्हिडिओ कॉलवर, "तेल कोमट कर आणि चांगली चोळून घे."

"चोळू नका!" मी ओरडले.

"आता ही डॉक्टरीण झाली! आधी शाळा तरी पुरी कर म्हणावं," आजी स्क्रीनवरून म्हणाली.

मावशीने सलवार वर केली. पाय लाल, गरम, दुसऱ्याच्या दीडपट. बाबांनी हेल्पलाइनला फोन लावला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सॉरी टु बॉदर यू, माय वाइफ इज फाइन, जस्ट अ..."

मी फोन ओढून घेतला. "शी इज नॉट फाइन," मी म्हणाले. सिझेरियन, एकच पाय, सूज, गरम, सगळं सांगितलं. आवाज फाटत होता, पण निघत होता. लगेच हॉस्पिटलला या म्हणाले. स्कॅनमध्ये गाठच निघाली. आता मावशी घरी आहे, रोज पोटावर इंजेक्शन घेते. डॉक्टर म्हणाल्या की आता काळजी नाही. मी तरी रोज तिच्या दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघते. त्या दिवशी बाबा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिचा कोट घेऊन उभे होते, माझ्याकडे बघत नव्हते. तुझ्या वेळी पाय साधा दुखत नाहीये हे त्यांना तेव्हाच कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. विचारणार आहे.

हे मी कुठे पाठवणार? जॅकेटच्या खिशातच राहील. पण एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळायला हवी. फोनवरच्या बाईने मध्येच विचारलं, पेशंट तुझी कोण? स्टेपमम वगैरे काही सुचलंच नाही. "माय मम," म्हणाले मी, मोठ्याने, तू सांगायचीस तसं. मावशी समोरच होती, तिने ऐकलं. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.