तुरटी फिरवलेलं पाणी

१२ मार्च १९७३, सोमवार
कॉलेजचा नळ सहा दिवस कोरडा. वाहतं पाणी नाही तर डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र चालत नाही. रसायनाच्या गंधे सरांना उद्या प्रयोगाला दोन बाटल्या हव्यात. जूनमध्ये प्रबंध दिला नाही तर त्यांची पीएच.डी.ची नोंदणी जाते. सात वर्षं झाली. हौदात टँकरचं पाणी, तेही गढूळ.
भिकामामा आमचा जुना शिपाई. म्हणाला, "तुरटी फिरीव की. तुझी आय घरी काय करती?"
फिरवली. गाळ बसला. चार वेळा गाळलं, उकळलं, बाटल्यांत भरलं. काचेसारखं. सरांना सांगायला हवं होतं. ते वर्गावर गेले.

१३ मार्च
थंडीत २५ आणि ३० अंशांचं काम झालं, आता ४०. बारीक नळीतून थेंब पाडून मोजायचे. नुसत्या पाण्याचे ४२, नेहमीइतकेच. म्हणजे पाणी चांगलं. सरांची साबणासारखी पूड वाढवत गेलं की थेंब लहान होतात, आकडा वाढतो. एका जागी वाढायचा थांबतो. सरांना ती जागा हवी.
मी नववी नापास. मोजायला मात्र सरांना मीच लागतो.

२१ मार्च
पुस्तकात आहे, पाणी असं तापलं की ती जागा पुढे सरकते, म्हणजे पूड जास्त लागते. आमची मागे आली. सरांनी तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा तेच. "मारुती, पुस्तक चुकलंय रे," म्हणाले आणि उगाच खिडकीपर्यंत जाऊन आले.

९ एप्रिल
पुण्याहून सरांच्या मार्गदर्शकांचं पत्र. या आकड्यांवर निराळं प्रकरण लिहा म्हणतात. सरांनी पेढे वाटले. भिकामामा म्हणाला, "थेंब मोजून डाक्टर हुतात, मग मी रोज घागरी मोजतो त्याचं काय वो?" सर हसले. त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.
आई-आबा पाथर्डीकडे दुष्काळी कामावर खडी फोडतात. मी सावलीत. हे काम सरांनीच दिलं.

१७ एप्रिल
धीर करून विचारलं, जागा म्हणजे नक्की काय. सरांनी फळ्यावर काढलं. पुडीच्या कणाला डोकं आणि शेपूट. शेपटीला पाणी नको. कण फार झाले की शेपट्या आत, डोकी बाहेर, असा गोळका करतात. डोकी एकमेकांना ढकलतात, म्हणून उशीर. ४० अंशांवर तर आणखी उशीर.
लवकर कशानं होईल?
"क्षारानं. चिमूटभर टाक, ढकलाढकली कमी होते. म्हणून तर आपण डिस्टिल्ड वापरतो."
तुरटी क्षार असते का, विचारलं.
"असते की. मिठाहून जालीम."
फळा मी पुसला. दोनदा.

१८ एप्रिल
थंडीतल्या डिस्टिल्ड पाण्याची अर्धी बाटली कपाटामागे सापडली. सर नसताना ४० अंशांवर मोजलं. जागा पुढे गेली. पुस्तक बरोबर आहे.
तुरटीच्या एकूण सात बाटल्या. ४० आणि ४५ अंशांचं सगळं काम त्यांतच.

२३ एप्रिल
प्रबंध टाइप होतोय. जेवण जात नाही. भिकामामाला सांगितलं. "गप ऱ्हा. पानी सवच्छ हुतं का न्हाई? अन् तुला काढलं तर खडी फोडाया जाशील, दुसरं काय."
सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

३० एप्रिल, सोमवार
सांगितलं. तुरटी, बाटल्या, सगळं.
सरांनी पेन खाली ठेवलं. मग किती बाटल्या, विचारलं. सात. सगळं परत मोजायला डिस्टिल्डच्या किती लागतील? तेवढ्याच. नळ आला का? नाही सर.
"तू सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं."
रागानं म्हणाले की कसं, समजलं नाही. मला घरी जायला सांगितलं.

२ मे
सर सकाळच्या एस.टी.नं पुण्याला गेले. मी पिशवी पोचवायला स्टँडवर. पिशवीत बांधलेला प्रबंध. शेजारी टॉवेलात गुंडाळलेली तुरटीच्या पाण्याची बाटली. ती मी ठेवलेली नव्हती. विचारायचं धाडस झालं नाही.
गाडी हलताना म्हणाले, "थेंब तू बरोबर मोजलेस." बाकी काही नाही.
आता बारा वाजलेत. सर मार्गदर्शकांच्या खोलीत असतील. पिशवीतून आधी काय काढलं असेल, प्रबंध की बाटली?